बिस्किटांच्या कपाटाचं कुलूप

मला मधुमेह निघाला तेव्हा बायकोने बिस्किटांच्या कपाटाला चुंबकाचं कुलूप बसवलं. दाराला बाहेरून चुंबक टेकवला की आतली कडी सुटायची, आणि तो चुंबक कायम तिच्या पर्समध्ये. मग मी जुन्या रेडिओच्या स्पीकरमधला चुंबक काढला आणि रोज दुपारी तिचा डोळा लागला की दोन बिस्किटं लंपास करायला लागलो.

ती गेल्यावर लेक ते कुलूप काढायला निघाली.

"राहू दे गं," मी म्हणालो. "उभ्या जन्मात तुझ्या आईला मी फक्त इथेच गंडवू शकलो."

लेक हसत सुटली.


"बाबा, ती बिस्किटं बिनसाखरेची होती. आई म्हणायची, बशीत दिली तर हे नाक मुरडतील, कुलपात ठेवली की आवडीने खातील."