निळी बरणी

"मावशी, त्वचा कशी आहे तुमची, तेलकट की कोरडी?" सोलमधल्या त्या क्रीम-पावडरीच्या दुकानातल्या पोरीने विचारलं.

माल्सूनला सांगता येईना. तिने पर्समधून क्रीमची एक रिकामी पुडी काढली. "मोठ्या खरेदीवर तुम्ही या फुकट देता ना, त्याच माझी हेरिम मला आणायची. मी म्हणायचे, भारीतलं स्वतःला आणि फुकटचं आईच्या थोबाडाला! नुसती हसायची कार्टी."

"अय्या, हेरिमच्या आई का तुम्ही?" पोरीचा चेहरा खुलला. "अहो, ही कोरड्या त्वचेची पुडी. तिची तर तेलकट! दरवेळी आमच्या मानगुटीवर बसून तुमच्यासाठी मागून न्यायची. आणि तुमच्या साठीला द्यायला म्हणून निळी बरणी नेली होती, ती दिली ना तिने? तीसुद्धा खास तुमच्याच त्वचेची."

माल्सूनने पुडी मुठीत घट्ट धरली. निळी बरणी तिला हेरिमच्या कपाटात सापडली होती, न उघडलेली. लेकीचं आवडतं क्रीम असेल म्हणून गेल्याच आठवड्यात तिने ती अस्थी जतन करून ठेवतात त्या दालनातल्या कप्प्यात, हेरिमच्या अस्थिकलशाशेजारी ठेवली होती, आणि समोर उभं राहून कप्प्याची काच कायमची बंद करून घेतली होती.