चिमटा

सकाळी साडेनऊला पाळकसाहेबांची मोटारसायकल सिग्नलला थांबली. दहाला चर्चमध्ये लेकीचं लग्न आणि मागे बायकोच्या मांडीवर तीनमजली केकचं खोकं. साहेबांना वेगाची खोड. काटा पुढे सरकला की बायको कमरेला चिमटा काढायची. आज तिचे दोन्ही हात खोक्याला होते. शेजारच्या दुचाकीवरच्या पोराने ॲक्सिलरेटर पिळला. “काय फादर, लावायची का शर्यत?” साहेबांचा हात शिवशिवला. “संयम हे आत्म्याचं फळ, रविवारी तुम्हीच सांगितलंत,” बायको म्हणाली. “आज चिमटा नाही. तुमचं तुम्ही बघा.” दिवा हिरवा झाला. पोरगा सुसाट सुटला. साहेब खड्डे चुकवत सावकाश निघाले. पुढच्या सिग्नलला पोरगा उभाच! “पोचलात? काकू, उतरून ढकलत होतात वाटतं!” बायकोने खोकं आवळलं. “अहो, एकदाच दाखवा याला!” साहेबांनीच हात मागे नेऊन तिला चिमटा काढला. दिवा अजून लाल होता.