डावखुरे नट

"माफी छापा, नाहीतर तुमच्या साप्ताहिकाला माझी जाहिरात बंद." तंबू टॉकीजचे मालक राधाकृष्णशेठ नगरला संपादकांच्या टेबलापुढे ठाण मांडून बसले होते.

भानगड 'एक प्रेक्षक' या सदराची होती. ते लिहायचे तिसगावचे इसहाक मास्तर. मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी तंबूत पाऊल टाकायचं नाही असा नियम होता, म्हणून नाव गुप्त. मास्तर मफलरात तोंड लपवून जात असणार असं संपादकांनी आपलं धरून ठेवलं होतं.

दहा वर्षं सदर मिटक्या मारत वाचलं जाई. ज्या प्रसंगाला शेंगा फोडायचा आवाज थांबतो तो खरा प्रसंग, हा मास्तरांचा दंडक. या वेळी शेठनी एक जुना मूकपट आणि एक नवा बोलपट लागोपाठ दाखवला होता. मास्तरांनी लिहिलं होतं, "मूकपटातली आई रडली की आपण रडायचो. बोलपटातली आई रडण्याआधी गाते, तोवर आपले डोळे कोरडे होतात. एका बाबतीत मात्र दोन्ही काळ सारखेच अडाणी. आई डाव्या हातानं आशीर्वाद देते, नवरा डाव्या हातानं कुंकू लावतो. दिग्दर्शकांना घरी कुणी काही शिकवलं नाही काय?"

"धडधडीत खोटं!" शेठ म्हणाले. "लोक म्हणतात, असलं अभद्र चित्र कशाला आणलं. त्या माणसानं चित्र पाहिलेलंच नाही."

बाजारच्या दिवशी संपादक मोटारीनं तिसगावला आले. शेठच्या तंबूत त्याच बोलपटाच्या दिवेलागणीच्या खेळाला मास्तरांना शेजारी घेऊन बसले. मास्तर खरोखरच मफलर गुंडाळून आले होते. पडद्यावर पाणी मारलं गेलं, यंत्र घरघरू लागलं आणि मास्तरांनी बाकाची कड घट्ट धरली.

संपादक चित्राकडे कमी आणि त्यांच्याकडे जास्त बघत होते. चित्र मास्तरांना तोंडपाठ होतं. नटाच्या आधी वाक्य त्यांच्या ओठांवर येई. संपादकांना बरं वाटलं.

मग आईचा अंतकाळ आला. लेक पाया पडला. आईनं हात उचलला.

"उजवा," संपादक हळूच म्हणाले.

मास्तरांचा चेहरा उतरला.

"डोळे तपासून घ्या, मास्तर." संपादकांनी खिशातून लिहून आणलेला माफीनामा काढला. "सही करा. सदर इथंच थांबवू."

शाळेत पोरं आणि घरी पाळकांचे निरोप, एवढंच मास्तरांचं जग होतं. त्यात ते सदरच काय ते त्यांचं स्वतःचं होतं.

"एक मिनिट," ते म्हणाले आणि वाकून कनातीच्या कडेनं निघाले. हा गृहस्थ पळतोय की काय, म्हणून संपादक मागोमाग गेले.

पडदा तंबूच्या मधोमध टांगलेला होता. पुढच्या बाजूला पुरुष, पलीकडे जमिनीवर बायका. बायकांच्या कडेला शेंगांची पाटी घेऊन साळूबाई बसली होती. मुक्या चित्रांपासून तिची ती जागा ठरलेली.

"साळूबाई," मास्तर कुजबुजले, "आईनं आत्ता कोणत्या हातानं आशीर्वाद दिला?"

"डाव्या. हे काय, गाणं चाललंय, अजून हात वरच हाय की."

संपादकांनी मान वर केली. ओल्या कापडातून झिरपलेल्या उलट्या चित्रात आईचा डावा हात लेकाच्या डोक्यावर होता. त्यांनी माफीनाम्याची घडी करून खिशात घातली.

साळूबाईचं त्यांच्याकडे लक्षच नव्हतं. ती मास्तरांच्या मफलराकडे बघत होती आणि तिचा आवाज एकदम बारीक झाला.

"आज सोताच बघाया आलात व्हय, मास्तर? मंग आता सोमवारी मी तुमाला काय सांगायचं, अन् तुमी काय लिवायचं?"