नाव एक, आजोबा दोन

ऑनलाइन अपॉइंटमेंट सुरू झाल्या आणि दवाखान्याच्या संगणकाने दोन आजोबांचा एकच पेशंट केला. नाव, जन्मतारीख, सगळं सारखं. एकाने वेळ घेतली की मेसेज दोघांना. पहिल्या दिवशी माझ्या काउंटरवर दोघं कडाकडा भांडले, एकमेकांना तोतया म्हणाले. ओळखू यावं म्हणून एकाने लाल टोपी चढवली. टोपीवाले सुईला घाबरून दांडी मारायचे. पण मेसेज पाहून दुसरे त्यांना घरून पकडून आणायचे आणि इंजेक्शन होईपर्यंत टोपी सांभाळत उभे राहायचे. सख्खा भाऊ करणार नाही इतकं! आज मी ऐटीत सांगितलं, “नोंदी वेगळ्या झाल्या. आता मेसेज ज्याचे त्याला.” दुसऱ्यांचा चेहरा पडला. “मग याची तारीख मला कळणार कशी?” “माझ्या नोंदीत याचा नंबर घाला,” टोपीवाले पुटपुटले. “नातं काय लिहू?” त्यांनी टोपी दुसऱ्यांच्या हाती दिली. “तोतया.”