दुर्बिणीचं झाकण

आकाशमित्र मंडळाची नवी दुर्बीण जिकडे वळवाल तिकडचं चित्र स्वतःच रेखीव करून दाखवायची. संध्याकाळी पठारावर शनी बघायला रांग लागली होती.

"अहाहा! काय कडी आहेत, सोन्याची!" डोळा लावून देवस्थळीकाका म्हणाले. मृणालला नुसत्या डोळ्यांनी आकाश ओळखायला यांनीच शिकवलं होतं.

रांगेतून मृणालचं लक्ष दुर्बिणीच्या तोंडाकडे गेलं.

"काका, झाकण काढलेलंच नाही! मग तुम्ही बघताय काय?"

तिने झाकण काढलं, चित्र रेखीव करणारी यंत्राची करामत बंद केली. आता खरा शनी दिसत होता, इवलासा, फिकट, थरथरणारा.

काकांनी पुन्हा डोळा लावला आणि तोंड वाकडं केलं.

"शी! लाव गं ते झाकण परत."