तिसरी खुर्ची

शिवणकाम करून एकटीने वाढवलेली लेक माहेरी आली, तशी आई तिला मुद्दाम गल्लीतल्या साध्यासुध्या बेकरीत घेऊन गेली. घरात, दिवंगत नवऱ्याच्या फोटोसमोर, तो विषय काढायला तिची जीभ रेटत नव्हती. बेकरीवाला पेस्ट्री आणि कॉफी ठेवून, आईकडे न बघताच, गल्ल्यामागे गेला. आई कॉफी उगाचच ढवळत राहिली. "तुला एक सांगायचंय. रागावू नकोस." लेकीने पेस्ट्रीचा घास गिळला. "लग्न करताय ना तुम्ही दोघं?" आईचा चमचा थांबला. "तुला कोणी सांगितलं?" "गोड सोडून तुला किती वर्षं झाली, आई. तरी कधीही फोन करावा, तू बेकरीतच." आईच्या छातीवरचा धोंडा उतरला. हसता हसता तिचे डोळे भरले. लेकीने तिसरी खुर्ची ओढली. "काका, तुमची कॉफी घेऊन इकडेच या. आईच्या गप्पा आजपासून अर्ध्या तुम्ही ऐकायच्या."