टकल्याची हिरवी पूड

डबीचं झाकण उघडलं आणि तिला उमासा आला.

साचलेलं तळं, मासळी आणि न वाळलेलं फडकं यांचा मिळून जो वास येईल, तो. पूड गडद हिरवी, श्वासानंही उडेल इतकी बारीक. तोंड फिरवून तिनं चिमूटभर पूड उकडलेल्या गाजराच्या लगद्यात टाकली आणि बोटानं कालवली. लगदा असा दिसायला लागला, की आधी कुणीतरी खाऊन परत टाकला असावा.

"जेव रे टकल्या," ती म्हणाली. "मी काही हे खाल्लं नसतं. पण तू शहाणा आहेस."

टकल्या म्हणजे पोपट. छातीवरची पिसं त्यानं स्वतःच उपटून टाकली होती. खाली नुसती सुरकुतलेली कातडी आणि खपल्या. तो तिच्या नवऱ्याच्या पहिल्या बायकोचा. ती गेली आणि पोपट मुका झाला. लग्न होऊन ही या घरात आली, तेव्हा पिंजरा मागच्या गॅलरीत फुटक्या बादल्यांमागे पडला होता. हिनं तो स्वयंपाकघरात आणला. सवतीकडून वाट्याला आलं ते एवढंच, आणि तेही उघडंबोडकं.

"शेवाळाची पूड आहे, जादू नाही," पक्ष्यांच्या डॉक्टरनं डबी देताना सांगितलं होतं. "पण नुसत्या बियांवर राहिलेल्या पक्ष्याला जे मिळत नाही, ते यातून थोडंफार मिळतं. पिसं धरतील, चोचीवर तकाकी येईल. कुत्र्यामांजरांनाही देतो आम्ही."

"आणि बोलेल का हो?"

"आजारी पक्षी गप्पच बसतो. अंगात ताकद आली तर बोलेलही. ऐकलेलं विसरत नाहीत ते."

नवऱ्याचं चष्म्याचं दुकान होतं. दिवसभर काचा पुसणारा माणूस. त्याला डागाचा तिटकारा. डबीकडे त्यानं लांबूनच पाहिलं.

"या घरात असली घाण आजवर कधी आली नव्हती. लोक शेवाळ खरवडून टाकतात, तू विकत आणतेस."

ती हसली. म्हणणं खोटं नव्हतं. वास नखांत बसला होता, उशीला लागला होता. पोपटाची विष्ठाही हिरवी, चिकट झाली होती. फरशीवरून खरवडताना ती श्वास धरून ठेवायची. पण सगळ्यात वाईट म्हणजे तो वास तिच्या रोजच्या दुधाच्या पेल्यात उतरायचा.

दूध रोज संध्याकाळी नवरा स्वतः तापवायचा. दुकानातून आला की हात धुऊन, साखर घालून, बशीवर पेला ठेवून आणायचा.

"कडवट लागतंय हो," ती म्हणायची. "तुमचा दोष नाही. माझ्या हातालाच वास आहे."

"म्हणून सांगतो, सोड तो नाद."

"तुम्ही घ्या ना थोडं."

"मला दूध पचत नाही, माहीत आहे तुला."

शेवटचा घोट होईपर्यंत तो उभा राहायचा आणि पेला लगेच विसळून पालथा घालायचा. लग्नाआधी चाळिशी उलटेपर्यंत तिला कुणी साधं पाणीसुद्धा हातात आणून दिलं नव्हतं. त्यामुळे कडू तर कडू, ती पेला रिकामा करायची.

काही आठवड्यांत टकल्याच्या छातीवर कोवळी पिसं फुटली. तिचं मात्र डबीच्या नुसत्या आठवणीनं पोट ढवळायचं. अन्न आत टिकेना. कंगव्यात केसांचे पुंजके यायला लागले.

"तुला पिसं द्यायला म्हणून देव माझ्या डोक्यावरचे केस काढतोय बहुतेक," ती पोपटाला म्हणाली.

नवऱ्यानं निकाल देऊन टाकला. "रविवारी आक्का येतेय. पोपट तिच्याबरोबर जाऊ दे. तब्येत बघ स्वतःची."

"तोवर बोलला तर?"

तो चष्म्याची काच पुसत राहिला. "नाही बोलणार."

पुढचे दिवस ती नाकाला पदर लावून पूड कालवत राहिली आणि पिंजऱ्यापाशी बसून बोलत राहिली. भाजी निवडताना, भांडी लावताना, ओकून आल्यावर तोंड पुसताना. टकल्या मान वाकडी करून ऐकायचा. हूं की चूं नाही.

रविवारी आक्का, म्हणजे तिची मोठी नणंद, आली. दारातच तिनं हिच्याकडे निरखून पाहिलं.

"काय गं, उमासे काढतेस? गोड बातमी वगैरे?"

"आक्का, या वयात? ही त्या शेवाळाची कृपा."

आक्का पिंजऱ्याशी वाकली. "अगंबाई, हा तर नवा कोरा झाला. पूर्वी काय बोलायचा. हुबेहूब पहिलीचा आवाज. ती चेष्टेनं माझ्या भावाला साहेब म्हणायची, तर हाही दिवसभर साहेब, साहेब. मी दोनदा फसलेय."

संध्याकाळी पिंजरा दाराशी नेऊन ठेवला. वर टाकायची चादरही काढून ठेवली. तिला त्याच्याकडे बघवेना. नवरा दुधाचा पेला घेऊन आला.

"माझ्या नवऱ्यानं जन्मात कधी पाणी तापवलं नाही," आक्का म्हणाली. "पी बाई, पी."

तिनं पेला ओठाशी नेला. पुन्हा तोच कडवट वास. तेवढ्यात पिंजऱ्यात फडफड झाली.

"साहेब."

आवाज बाईचा होता. थकलेला, जरासा हसरा. आक्काचा हात तोंडावर गेला. "तिचाच गं. तिचाच आवाज."

हिचे डोळे भरून आले. "बोल रे टकल्या. अजून बोल."

नवऱ्यानं पुढे होऊन पिंजऱ्यावर चादर टाकली.

चादरीखालून तो आवाज पुन्हा आला.

"साहेब, आजपण दूध कडूच लागतंय हो."